लिलावातली गाडी नावावर कशी करायची: आधी फॉर्म, मग बोली

यार्डात उभी असलेली गाडी बाजारभावापेक्षा लाखभराने स्वस्त दिसली की बहुतेकजण आधी बॉनेट उघडायला सांगतात. इंजिन, टायर, एसी, दारावरचे पोचे. हे सगळं बघायचंच, पण नंतर. लिलावाच्या गाडीत पहिला प्रश्न वेगळा असतो: ही गाडी माझ्या नावावर करण्यासाठी मी आरटीओत कोणता फॉर्म भरणार?

या प्रश्नाची कामाची उत्तरं तीनच आहेत. फॉर्म २९ (विकणाऱ्याने द्यायची हस्तांतरणाची सूचना) आणि फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज) ही जोडी, फॉर्म ३६ मार्गे बँकेच्या नावावरून येणारी तीच जोडी, किंवा सरकारी लिलावाचा फॉर्म ३२. हे सगळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले नमुने. विकणारा यातल्या एकाचंही नाव न घेता "कागद येतील मागून, टेन्शन नका घेऊ" म्हणत असेल, तर गाडी कितीही टकाटक असो, तिथून निघायचं. गॅरेजात इंजिन दुरुस्त करून मिळतं, आरसी नाही.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहे. पहिल्यांदाच लिलावात उतरणाऱ्यासाठी लिहिलं आहे, डीलरसाठी नाही.

पायरी १: विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का?

सोडून दिलेली किंवा अडकलेली गाडी चार-पाच प्रकारच्या लोकांकडे असते, आणि त्यातल्या सगळ्यांनाच ती विकता येत नाही.

बँक किंवा फायनान्स कंपनी. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली गाडी. आरसीवर कर्जबोजा याच संस्थेचा नोंदलेला असेल तर हक्क आहे. तरीही करारातली कलमं आणि आधी पाठवलेल्या नोटिसा नीट असाव्या लागतात.

पोलीस, तहसील, राज्य उत्पादन शुल्क, आरटीओ, महापालिका. पोलीस ठाण्याच्या भिंतीलगत गवतात बुडालेल्या दुचाकी, तहसीलच्या आवारात वर्षानुवर्षं उभे असलेले वाळूचे डंपर, कर थकला म्हणून आरटीओने जप्त केलेल्या गाड्या. इथे हक्क सरकारचा, पण तो आदेशाच्या कागदावर दिसला पाहिजे.

गॅरेजवाला. इथे नवखे हमखास फसतात. "दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, दोन वर्षं गाडी पडून आहे, तीस हजार द्या आणि घेऊन जा." अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, गॅरेजवाल्याला ठरलेल्या नोटिसा देऊन अशी गाडी रीतसर विकता येते आणि घेणाऱ्याला तिथल्या परिवहन खात्याकडून मालकीचा कागदही मिळतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार गॅरेजवाला मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवू शकतो, पण या कलमाने त्याला ती विकायचा अधिकार मिळत नाही. पैसे हवे असतील तर त्याने दिवाणी दावा लावायचा. मूळ मालकाची सही नसेल तर अशा गाडीचे फक्त सुटे भाग तुमच्या हाती येतात, आणि मालकाने तक्रार केली तर पोलीस चौकशीही.

खासगी सावकार. "गहाण सुटली नाही, नोटरी करून देतो." नोटरीच्या कागदावर आरटीओ गाडी नावावर करत नाही. त्यात त्या माणसाकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालचा परवाना नसेल, तर गहाणाचा व्यवहारच बेकायदा.

हाउसिंग सोसायटी. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली गाडी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून विकता येत नाही. सोसायटीने पोलिसांना किंवा महापालिकेला कळवायचं, बस्स.

म्हणजे आपल्या कामाचे दोनच रस्ते उरतात: बँकेचा आणि सरकारचा. दोन्हींचे कागद वेगळे, धोके वेगळे.

पायरी २ (बँकेची गाडी): २९-३० की ३६?

गाडी कर्जावर घेतली की आरसीवर फायनान्सरचं नाव चढतं. याला आपण बोजा म्हणतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ नुसार बोजा असलेली गाडी फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पण बोजा असला म्हणून बँक मालक होत नाही. आरसीवर मालक कर्जदारच असतो. गाडी यार्डात बँकेच्या ताब्यात आणि कागदावर कर्जदाराची, अशी ही अवस्था.

यातून बाहेर पडायचा पहिला रस्ता म्हणजे कर्जदाराच्या सहीचे फॉर्म. कर्ज देतानाच बऱ्याच संस्था कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवतात. गाडी विकली की त्यावर तुमचं नाव भरतात, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र जोडतात आणि किट तुमच्या हातात देतात. दिसायला सोपं. अडचण अशी की पाच वर्षांपूर्वीची सही आज जुळेलच असं नाही. शिवाय परिवहनच्या ऑनलाइन अर्जात गाडीशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो मोबाईल त्या कर्जदाराचा, ज्याची गाडी मध्यरात्री पार्किंगमधून ओढून नेली. तो तुम्हाला ओटीपी वाचून दाखवील अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा रस्ता लांबचा पण पक्का. कलम ५१ मध्येच तरतूद आहे की हप्ते थकल्यामुळे फायनान्सरने गाडी ताब्यात घेतली, आणि मालक आरसी देत नाही किंवा सापडत नाही, तर आरटीओ त्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस देऊन जुनी आरसी रद्द करू शकतं आणि फायनान्सरच्या नावाने नवी आरसी काढू शकतं. यासाठी बँक फॉर्म ३६ भरते, आरटीओ मालकाला फॉर्म ३७ ची नोटीस पाठवतं. नोटिशीची मुदत संपली, आक्षेप आला नाही, की गाडी बँकेच्या नावावर होते. मग बँक साध्या मालकासारखी फॉर्म २९-३० वर सही करून ती तुम्हाला देते. नोंद दोनदा होते, शुल्क दोनदा लागतं, वेळही जास्त जातो. पण इथे कर्जदाराच्या सहीवर आणि मोबाईलवर काहीच अवलंबून राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने शक्यतो फॉर्म ३६ झालेली, म्हणजे आरसीवर आधीच फायनान्सरचं नाव आलेली गाडी घ्यावी. भाव दहा-पंधरा हजारांनी जास्त पडला तरी. ती मिळत नसेल, तर फॉर्म ३६ चा खर्च आणि धावपळ कुणाकडे, हे बोलीआधी ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आश्वासन यार्डाच्या गेटपर्यंतच टिकतं.

बँकेकडून मागायच्या कागदांत आणखी काही असतात. गाडी ताब्यात घेण्याआधी आणि घेतल्यावर पोलीस ठाण्याला दिलेली सूचना, ताबा घेताना केलेली वस्तूंची यादी, विक्रीपूर्वी कर्जदाराला पाठवलेली नोटीस आणि तिची पोच. शेवटची नोटीस लोक मागतच नाहीत, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. गुंड पाठवून गाड्या ओढण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बँकांना फटकारलं आहे. कर्जदाराला पैसे भरायची संधी न देता गाडी विकली असेल तर तो ग्राहक आयोगात किंवा कोर्टात जाऊ शकतो. स्थगिती आली तर भांडण त्या दोघांचं, पण आरसी तुमची लटकते.

पायरी ३ (सरकारी लिलाव): भंगार की गाडी?

बेवारस गाड्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात, पोलीस ठाण्याच्या फलकावर लागतात. दोनशे दुचाकी, किमान बोली अमुक लाख. वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच भागाकार सुरू होतो: एक गाडी पडली दोन-तीन हजारांना! तिथेच थांबा आणि जाहिरातीत "भंगार" शब्द शोधा.

बेवारस वाहनांची विल्हेवाट महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते. गुन्ह्यात जप्त झालेल्यांची, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली. कलम ५०३ नुसार मालक माहीत नसेल तर जाहीर सूचना काढून सहा महिने वाट बघायची, आणि कुणी हक्क सांगितला नाही तर कलम ५०४ नुसार ती मालमत्ता सरकारच्या हाती येऊन विकता येते. ठाण्यांच्या आवारात गाड्या सडवत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातच सांगितलं होतं. तरी गाडी लिलावात येईपर्यंत वर्षं जातात आणि तोवर तिचा सांगाडा झालेला असतो. त्यामुळे असे बहुतेक लिलाव सरसकट भंगाराचे, एकगठ्ठा आणि परवानाधारक भंगार व्यावसायिकांसाठी असतात. त्यातली एखादी बुलेट चांगली दिसली म्हणून त्या व्यावसायिकाकडून घेतलीत, तर तिची आरसी कधीच होणार नाही. भंगार म्हणून विकलेल्या गाडीची नोंदणी रद्द व्हायची असते. २०२१ च्या वाहन भंगार केंद्रांच्या नियमांतही यंत्रणांनी जप्त केलेली आणि सोडून दिलेली वाहनं भंगारात काढण्याची सोय आहे.

दुसरा सापळा सरकारी खात्यांच्या जुन्या जीप आणि ॲम्बेसेडरचा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. लाल दिव्याच्या आठवणींसाठी ती घ्यायची असेल तर अंगणात ठेवायला घ्या. रस्त्यावर ती येणार नाही.

मग उरतं काय? वापरण्यायोग्य म्हणून, एकेक करून, नोंदणी क्रमांकासह विकायला काढलेल्या गाड्या. आरटीओच्या थकीत कराच्या लिलावात, उत्पादन शुल्क विभागाच्या आणि तहसीलच्या काही लिलावांत अशा मिळतात. यांच्यासाठी फॉर्म ३२. त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम ५७ नुसार ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा आणि सोबत जोडायचं:

- आरसी आणि विमा प्रमाणपत्र
- लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा, तुमच्या नावाने विक्री कायम केल्याचा आदेश
- लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत
- शुल्काची पावती

तिसऱ्या कागदासाठी लोक सर्वांत जास्त हेलपाटे घालतात. लिलाव झाला, पैसे भरले, साहेबांची बदली झाली, आणि मूळ आदेशाची फाईल कुठल्या कपाटात ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून बोलीआधीच कार्यालयात जाऊन आदेशाचा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून घ्या. जमलं तर झेरॉक्सही.

आरसी हरवलेली असते हे धरूनच चाला. नंबर प्लेट नसेल किंवा तपासात खोटी निघाली, तर त्याच नियमात उपाय आहे: आरटीओ आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावाने नवा क्रमांक देतं, मग तुमच्या नावाची नोंद करतं. पण चासी नंबर जागेवर आणि वाचता येण्यासारखा असेल तरच पुढे जा. तो खोडलेला किंवा गंजून गेलेला असेल तर गाडी सोडा.

जप्तीच्या गाडीवर जुना बोजा राहून गेलेला असतो, हेही विसरू नका. मूळ मालकाने कर्ज फेडलेलं नसतं, आणि फायनान्सरला या लिलावाचा पत्ता नसतो. बोजा दिसला तर खात्याला विचारा की फायनान्सरला नोटीस गेली होती का आणि त्याचं उत्तर काय आलं. चोरीच्या गाडीचा दावा विमा कंपनीने आधीच चुकता केला असेल, तर तीही हक्क सांगत येऊ शकते.

पायरी ४: घरबसल्या नंबर तपासा

यार्डात जायच्या आधी नोंदणी क्रमांक मिळवा. 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, मालक कितवा, विमा आणि फिटनेसची मुदत, बोजा कुणाचा आणि काळ्या यादीची नोंद आहे का, हे समजतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण बँकेने दिलेल्या नावाशी ताडून बघण्यापुरतं दिसतं.

ई-चलान दोन ठिकाणी बघायचं: परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे अठरा हजार असं होऊ शकतं. चोरीची नोंद तपासायला एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) सोय डिजिटल पोलीस पोर्टलवर आहे. नंबर, चासी आणि इंजिन क्रमांक टाकून तिथून दाखला काढता येतो. तो छापून फाईलला लावा.

गाडी परराज्यातली असेल तर वेगळं गणित. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथला कर, नवा एमएच क्रमांक. पहिल्याच खरेदीत या वाटेला जाऊ नका.

पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली खासगी गाडीही टाळा. पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर, सगळं एकदम अंगावर येतं. टॅक्सी-टेम्पोसारख्या व्यावसायिक गाडीत परमिट, फिटनेस आणि थकीत कर यांचं स्वतंत्र पुराण असतं. ते जाणकाराशिवाय उघडू नये.

पायरी ५: यार्डात काय बघायचं

आता बॉनेट उघडा. लिलावाच्या नियमपत्रात एक वाक्य असणारच: गाडी "जशी आहे, जिथे आहे" तत्त्वावर. म्हणजे नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही. टेस्ट राइड सहसा देत नाहीत. फार तर बाहेरून बॅटरी लावून इंजिन चालू करून दाखवतात.

सगळ्यात आधी चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि मोबाईलवर फोटो घ्या. यार्डवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालणार नाही. शक्य असेल तर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरटीओतही तोच मागतात. अंकांच्या आजूबाजूला वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

उभ्या गाडीचे आजार चालत्या गाडीपेक्षा वेगळे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बॉनेटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे शोधा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या फुटावर मातीचा पट्टा दिसला तर गाडी पुराच्या पाण्यात बसलेली आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूणकडच्या अशा गाड्यांबद्दल गॅरेजवाल्यांशी बोलून बघा. वरून धुऊन-पुसून चकचकीत, आणि सहा महिन्यांनी एकेक इलेक्ट्रिकल पार्ट मान टाकतो. डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचं ऑइल म्हणजे इंजिनात पाणी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर दिसायला नवं, वयाने म्हातारं असं पुष्कळदा निघतं.

ताबा घेतानाची वस्तूंची यादी मागितलीत ना? ती आता कामाला येते. यादीत बॅटरी, स्टेपनी, म्युझिक सिस्टिम आहे आणि गाडीत नाही, तर ती यार्डात गेली. परत मिळणार नाही, पण बोली तेवढी कमी करता येते. चावी एकच आहे, दोन आहेत की नाहीच, हेही विचारा. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला नवी चावी कोड करून घ्यायचा खर्च साध्या चावीच्या कितीतरी पट असतो.

ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. त्याचा दिवसाचा रोज द्या, फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस घाईत बघतो.

पायरी ६: बोलीचा आकडा उलटा काढा

सरकारी वाहनांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीसारख्यांच्या ई-लिलाव संकेतस्थळांवर असतात. सरकारी बँका बँकनेट वापरतात, आणि खासगी लिलाव कंपन्यांत श्रीराम ऑटोमॉलसारखी नावं आहेत. सगळीकडे आधी केवायसी, मग अनामत, मग बोली. सर्वांत मोठी बोली तुमची असली म्हणजे गाडी तुमची झाली असं नाही. ती बऱ्याचदा विक्रेत्याच्या मंजुरीच्या अधीन असते आणि उत्तर काही दिवसांनी येतं. मात्र मंजुरी आल्यावर तुम्ही मागे फिरलात तर अनामत जाते.

आकडा असा काढा. तशीच गाडी, तेवढ्याच वयाची, कागद नीट असलेली बाजारात कितीला मिळते? समजा ३,००,०००. त्यातून मेकॅनिकने सांगितलेला खर्च वजा करा. समजा ३५,०००, आणि त्यावर पाच-दहा हजार जास्तच धरा, कारण उभी गाडी सगळं सांगत नाही. मग लिलाव कंपनीचं शुल्क, थकीत चलान, यार्डचं भाडं, नवा विमा, क्रेन, एजंट घेणार असाल तर त्याचे पैसे. जीएसटी बोलीत धरला आहे की वेगळा लागणार, हे नियमपत्रात वाचा. जुन्या गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकांना जानेवारी २०२५ पासून नफ्याच्या फरकावर १८ टक्के दर आहे, आणि तो शेवटी कुणाच्या खिशातून जातो हे सांगायला नको.

हे सगळं जाऊन जे उरतं, त्यातून आणखी दहा टक्के काढा. ते कागद अडकण्याच्या जोखमीचे. वरच्या उदाहरणात बोली दोन लाख-सव्वादोन लाखांवर थांबते. यापुढे बोली गेली तर गाडी घेणाऱ्याला शुभेच्छा द्या. शेवटच्या मिनिटांत स्क्रीनवर आकडे पळायला लागले की माणूस गाडी विसरून जिंकायला बघतो. म्हणून आकडा आधीच कागदावर लिहून ठेवायचा.

पायरी ७: पैसे आणि ताबा

पैसे फक्त संस्थेच्या खात्यात, आरटीजीएस किंवा एनईएफटीने. "अर्धे रोख द्या, पावती कमीची करतो" म्हणणाऱ्या यार्डच्या माणसाशी बोलणं तिथेच संपवा. पैसे भरल्यावर विक्रीपत्र आणि डिलिव्हरी ऑर्डर मिळते. त्यावर नोंदणी क्रमांक, चासी, इंजिन क्रमांक आणि तुमचं नाव आधारप्रमाणेच, शब्द न शब्द जुळतं का बघा. "संजय" आणि "संजयकुमार" या फरकापायी महिना जातो.

ताबा घेण्याची मुदत चुकवली तर यार्डचं भाडं रोजाने चढतं. विमा संपलेली गाडी चालवत घरी आणू नका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि वाटेत कुणाला धक्का लागला तर गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट भरपाई अंगावर येईल. गाडी लादून आणणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचे तीन-चार हजार गेले तरी चालतील.

पायरी ८: आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची नोंद करायची असते. उशीर झाला तर जादा शुल्क लागू शकतं. बँकेकडून किट यायलाच दोन महिने लागणार असतील, तर हा भुर्दंड कुणाचा, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यायचं होतं.

१ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर आधी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवा. महाराष्ट्रात ही पाटी नसलेल्या गाडीचं आरटीओतलं काम अडतं. दर दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी.

मग परिवहन पोर्टलवर अर्ज, शुल्क भरून पावती, अपॉइंटमेंट. हस्तांतरणाचं मूळ शुल्क ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: दुचाकीला १५० रुपये, मोटारीला ३००, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. एजंट जे पाच-सात हजार सांगतो त्यातले बहुतेक त्याच्या पायपिटीचे. एजंट लावणं चूक नाही, कामावरून सुट्टी मिळत नसेल तर स्वस्तच पडतो. पण फॉर्म कोणता भरतोय हे त्याच्याकडून नीट समजून घ्या, आणि कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. याच कोऱ्या सहीमुळे मूळ कर्जदाराची गाडी आज तुमच्या दारात आहे.

फाईलमध्ये ठेवायचं: त्या-त्या रस्त्याचा फॉर्म, मूळ आरसी किंवा ती हरवल्याची पोलीस तक्रार, विक्रीपत्र, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चासीचा पेन्सिल छाप. निरीक्षक गाडी मागवू शकतो, विशेषतः फॉर्म ३२ च्या प्रकरणात. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेणार असाल तर महाराष्ट्रात कर वाढीव लागतो. तो आकडा बोलीआधीच आरटीओत विचारून ठेवावा. नवं कर्ज काढून गाडी घेतली असेल तर फॉर्म ३४ ने नवा बोजा चढेल. त्याचं शुल्क दुचाकीला ५००, मोटारीला १,५०० रुपये.

अर्ज परत आला तर खिडकीवर वाद घालू नका. शेरा लेखी मागा. "कागद अपुरे" हे उत्तर नाही. कुठला कागद अपुरा, हे पोर्टलवरच्या शेऱ्यात दिसतं. तो शेरा जसाच्या तसा बँकेला किंवा लिलाव घेणाऱ्या कार्यालयाला पाठवला की पुढचं पत्र काय मागायचं ते कळतं.

आरसी आल्यावर

विम्याच्या पॉलिसीवर आपलं नाव आणि बोजाची स्थिती नव्या आरसीप्रमाणे करून घ्या. दोन्हीकडची नावं वेगळी असली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. काचेवरचा जुना फास्टॅग काढून टाका आणि नव्या आरसीवर नवा घ्या. जुना तसाच राहिला तर टोलचे पैसे ज्याच्या खात्यातून जातील तो माणूस तुम्हाला शोधत येईल, आणि आधीच एकदा गाडी गेलेल्या माणसाचा तो फोन सुखाचा नसतो.